एका चिकाच्या कुरडया

आमच्या घरात लेकीला सोनं किती घातलं यावरून कधी वाद झाला नाही. पाटा-वरवंटा कसा दिला यावरून मात्र व्हायचा.

नाशिकला मखमलाबादच्या रस्त्यावर आमचा मळा. शेवंती, झेंडू, मेथी, कोथिंबीर, जे पहाटे काढून सकाळी बाजारात नेता येईल ते सगळं. मळ्यातली विहीर आजोबांनी खोदली तेव्हा वर थोडी माती आणि खाली नुसता काळा पाषाण लागला होता. सुरुंग लावून फोडलेल्या त्या दगडांचा ढीग विहिरीच्या काठाला तसाच पडून राहिला. मग कधीतरी घरात रीत पडली, की लेक लग्नाची झाली की त्या ढिगातला दगड निवडायचा, पाथरवटाकडून त्याचा पाटा-वरवंटा घडवायचा आणि तो तिच्याबरोबर द्यायचा. आमच्या विहिरीचा एक दगड एका आत्याबरोबर चांदवडला गेला, एक दुसरीबरोबर देवळ्याला. माझा माझ्या स्वयंपाकघरात आहे. मी मिक्सर वापरते, पण आई येणार असली की पाटा आधी ओला करून ठेवते.

दगड निवडायचं काम आईचं. ती हातोडी घेऊन ढिगाभोवती फिरायची, एकेका दगडावर ठोकायची आणि मान तिरकी करून ऐकायची. खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर नापास. आमचे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, बांधावर बसून म्हणायचे, "जावई निवडताना हिनं एवढं वाजवून नाय पाहिलं." माझा नवरा हे ऐकून हसायचा. दुसरं काय करणार बिचारा.

मी शहरातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचे. मला इतिहास हवा होता, पण इतिहासाच्या बाई आधीच ठाण मांडून बसल्या होत्या, म्हणून भूगोल पदरात पडला. वर्गात तो विषय कुणालाच आवडत नसे. मुलं नद्यांची नावं पाढ्यांसारखी म्हणायची आणि परीक्षेत गोदावरी अरबी समुद्राला मिळवायची. ज्या गोदावरीत ती पोहायला शिकली ती गोदावरी! मी चिडायचे, पट्टी आपटायचे, काही उपयोग व्हायचा नाही. सांगायचा मुद्दा, भूगोल कुणाला समजावून सांगता येतो यावर माझा फारसा विश्वास उरला नव्हता.

माझी बहीण माझ्याहून बरीच धाकटी. कॉलेज सांभाळून सकाळी बाजारात फुलांच्या पाट्यांमागे बसायची, आणि गिऱ्हाइकाला बोलण्यात ती ऐकायची नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, गणपतीच्या आदल्या दिवशी, तिच्यासमोर एक उंच सावळा मुलगा येऊन उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "मला दुर्वा द्याव्यात, कृपा करावी." नानांना वाटलं कुणी कीर्तनकार आहे. तो निघाला मॉरिशसचा. तिथून नाशिकला आयुर्वेद शिकायला आला होता. त्याचे कोण खापरपणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला जहाजातून गेले, ते तिथलेच झाले. घरात मराठी उरली होती ती देवासमोर. आरत्या सगळ्या तोंडपाठ, पण कोथिंबिरीची जुडी केवढ्याला हे विचारता येत नव्हतं. ते विचारायला त्याला माझ्या बहिणीने शिकवलं. शिकवणी पुढे बरीच वर्षं चालली, आणि शेवटी शिकवणीचं व्हायचं ते झालं.

आईने मुलगा पाहिला, तो तिला आवडलाही. मग ती म्हणाली, "कुठं हाय याचं गाव?"

मी शाळेतला नकाशा आणला. निळ्या समुद्रात आफ्रिकेच्या अंगाला एक ठिपका दाखवला. आईने त्यावरून बोट फिरवलं. "माशी बसलीय का काय इथं?" मग बराच वेळ तिने बोट उचललं नाही. आईला मी कधी घाबरलेली पाहिली नव्हती, त्या दिवशी पाहिली. तरी ती नाही म्हणाली नाही. म्हणाली, "दगड लवकर निवडला पाहिजे."

या वेळी तिने सगळा ढीग उलटापालटा केला. निवडलेला दगड इतका स्वच्छ वाजला की नानासुद्धा गप्प बसले. पाटा काही विमानातून जाणार नव्हता. तो मागाहून बघू असं ठरलं. वरवंटा मात्र जायचा होता. तो जाणं आईला फार गरजेचं वाटत होतं, आणि त्याला कारण होतं.

आमच्याकडे बारशाला बाळाआधी वरवंटा पाळण्यात जातो. त्याला कुंची घालून बाळासारखं नटवतात. दोघी जणी पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून "कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या" म्हणत तो पाळण्याच्या वरून, खालून एकमेकींच्या हातात देतात. बाळाचं आयुष्य दगडासारखं टणक व्हावं, एवढाच त्यातला अर्थ. आम्हा दोघींच्या आधी आईचा वरवंटा पाळण्यात झोपला होता. माझ्या मुलाच्या आधी माझा. म्हणून पाठवणीच्या वेळी आईने धाकटीच्या ओटीत तांदूळ, नारळ घातले आणि खणात गुंडाळून वरवंटाही घातला. वर बजावलं, "ओटीतलं सामानात कोंबायचं नाय. हातात न्यायचं."

झालं. घोटाळा तिथेच झाला. बहिणीने आईचं ऐकून खणात गुंडाळलेला वरवंटा खांद्याच्या पिशवीत घेतला. विमानतळावर मोठ्या बॅगा पट्ट्यावरून आत गेल्या, आणि तपासणीवाल्यांनी पिशवीतून हा दोन हातांत मावेल असा काळा गोटा बाहेर काढला. विमानात कुणाच्या डोक्यात घालायचा विचार आहे, असं त्यांनी विचारलं म्हणे. जावयाने आपल्या आरतीच्या मराठीत खूप समजावलं. ते म्हणाले, इथे टाका नाहीतर बाहेर कुणाला द्या. आम्ही काचेच्या बाहेर हात हलवायला उभे होतो. जावई धावत दारापर्यंत आला आणि पहारेकऱ्याने वरवंटा दोरीवरून आईच्या हातात दिला. काय झालं ते तिला सांगावं लागलं नाही. तिने तो पदराखाली घेतला.

परत येताना ती जीपमध्ये खिडकीशी बसली. वरवंटा मांडीवर. कसाऱ्याच्या घाटात गाडी तापली म्हणून थांबलो. समोर कापलेला डोंगर होता, काळ्या थरावर काळा थर, वरपर्यंत. आई त्याच्याकडे पाहत म्हणाली, "ओटीतलं परत आलं. पोरीची ओटी रिकामी झाली."

"आई, काहीतरीच काय बोलतेस," मी म्हणाले.

"मी कुठं बोलू राहिले? झालंय ते सांगू राहिले."

घरी आल्यावर तिने तो खणासकट देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवला. बहिणीचा पाटा पडवीत भिंतीला टेकवून उभा राहिला. येताजाता तो दिसायचा. नानांनी तो आत कुठे ठेवावा असं सुचवलं तर आई म्हणाली, "राहू द्या. डोळ्यासमोर असू द्या."

पुढच्या वर्षी फोन आला, धाकटीला दिवस गेले होते. मळ्यात आनंदीआनंद. नानांनी त्या दिवशी बाजारात निम्मी शेवंती फुकट वाटली. पण पावसाळ्यात दुसरा फोन आला. बाळ राहिलं नव्हतं. माझी बहीण, जी कुणाला बोलण्यात ऐकत नसे, ती फोनवर नुसती श्वास घेत होती. आईने रिसीव्हर कानाला लावला आणि रडत म्हणाली, "मी म्हटलंच होतं. वरवंटा परत आला तेव्हाच मी म्हटलं होतं."

मी तिच्या हातातून फोन ओढून घेतला. मला तिचा इतका राग आला होता, की नंतर तिच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही. राग गेला तो तिला एकदा पडवीत पाहून. ती त्या उभ्या पाट्यावरून पदराने धूळ पुसत होती, एखाद्याचं तोंड पुसावं तशी. मग माझंच मन भरून आलं. तिला लेकीवर दोष टाकायचा नव्हता. दोष आपलाच, आपण निघताना चुकीचं बजावलं, हे तिला बोलता येत नव्हतं, एवढंच.

तेव्हापासून रविवारी फोन आला की आई दोन वाक्यं बोलायची आणि तिसऱ्याला रडायची. आणि मग उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस बहिणीने माझ्या घरी फोन केला. आवाज एकदम हळू. "ताई, मला परत दिवस गेलेत. आईला नको सांगू. ती रडली की मला भीती वाटते. मग रात्रभर पोटावर हात ठेवून बसते मी."

"बरं, नाही सांगत," मी म्हणाले. पण किती दिवस? आईपासून अशी बातमी लपवून ठेवणं म्हणजे कोंबडं झाकून ठेवण्यासारखं. आणि माझ्या बहिणीला आईची गरज होती. हसणाऱ्या आईची.

मी आधी करायला नको ते केलं. नकाशा काढला. आईला समोर बसवून वर्गात सांगते तसं सांगितलं. जमीन अखंड नाही, तिचे मोठे मोठे तुकडे आहेत आणि ते सरकतात, आपली नखं वाढतात तेवढ्या संथपणे. पृथ्वीच्या पोटात एके ठिकाणी मोठी धग आहे, ती मात्र जागची फारशी हलत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपली जमीन त्या धगीच्या वर होती. तेव्हा भेगांमधून आग पाण्यासारखी बाहेर आली, पसरली, थिजली, तिच्यावर पुन्हा पसरली. तोच आपला काळा पाषाण, तोच कसाऱ्याचा घाट, तीच आपली विहीर. आई ऐकत होती. डोळे नकाशावर, लक्ष गॅसवरच्या दुधाकडे. "असंल," ती म्हणाली आणि उठून गेली. पालथ्या घड्यावर पाणी. दहावी ड च्या वर्गात आणि आमच्या घरात काही फरक नव्हता.

मग आल्या कुरडया.

कुरडया करायची आमच्या घरची पद्धत जगावेगळी होती. गहू भिजत घालायचे, वाटायचे, त्यांचा चीक काढायचा, तो भल्या सकाळी मोठ्या पातेल्यात शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यात भरून कपड्यावर वेटोळी घालायची, हे सगळीकडचंच. पण सगळीकडे बाई सोऱ्या घेऊन कपड्यावर पुढे पुढे सरकते. आईचा गुडघा एकदा विहिरीच्या पायरीवरून घसरून गेला होता, तेव्हापासून तिला असं बसल्या बसल्या सरकता येत नसे. कुरडया करणं सोडायची तिची तयारी नव्हती. मग ती गच्चीवर टाकीच्या सावलीत पाटावर एका जागी बसायची, आणि तिच्या पुढ्यातून कपडा ओढत न्यायचा तो आम्ही. एक ओळ झाली की ओढा, पुन्हा एक ओळ, पुन्हा ओढा. शेजारणी हसायच्या. नाना म्हणायचे, "राणीसाहेब बसल्यात, राज्य सरकू राहिलंय."

ओढायचं काम धाकटीचं होतं. त्या वर्षी ती जागा मी घेतली. दुसरं टोक नानांकडे. कपडा म्हणजे आईचं जुनं नऊवारी लुगडं, आणि ते पुरत नाही म्हणून त्याच्या मागे जोडून अंथरलेलं नानांचं धोतर. आम्ही लुगडं उत्तरेकडच्या कठड्याच्या बाजूला ओढत होतो. तिकडे लांब रामशेजचा किल्ला दिसत होता. ऊन चढायला लागलं होतं. ओढता ओढता लुगड्याचं पुढचं टोक कठड्याला जाऊन टेकलं, आणि मला लक्षात आलं नाही, मी ओढतच राहिले. कठड्यापाशी लुगड्याच्या जाड चुण्या उभ्या राहिल्या.

"अगं ए! चुण्या पडू राहिल्या तिकडं! डोळे कुठं हायेत तुझे?"

मी चुण्यांकडे पाहिलं. मग मागे वळून पाहिलं. कठड्यापाशी सगळ्यात आधीच्या कुरडया, उन्हाने वाळून बसक्या झालेल्या. मग त्यांच्यानंतरच्या, जरा ओलसर. मग धोतरावरच्या. आणि सगळ्यात शेवटी, पाटावर बसलेल्या आईच्या हाताखाली, वाफ येत असलेली एक. मला एकदम हसू आलं. मी इतकी वर्षं खडूने फळ्यावर जे काढत होते ते आमच्या गच्चीवर दरवर्षी वाळत पडत होतं.

"आई, थांब. हात तसाच ठेव. उचलू नको."

"चीक गार होईल."

"होऊ दे. आई, तू ती धग आहेस."

"मी कोण हाय?" सोऱ्या तसाच धरून ती नानांकडे पाहायला लागली, पोरीला ऊन लागलं की काय म्हणून.

मी सांगायला लागले. या वेळी नकाशा नव्हता, मोठे शब्दही नव्हते. तू जागची हलत नाहीस, लुगडं हलतं. लुगडं म्हणजे आपली जमीन. आधी आपण तुझ्या हाताखाली होतो. तू चीक ओतलास, भरपूर ओतलास, ती ही पहिली मोठी कुरडई. हे आपण. ही आपली विहीर, हे सगळे आपले डोंगर. मग आपण सरकलो उत्तरेला. तुझा हात थांबला नाही. खाली समुद्र आला तरी तू ओततच राहिलीस. समुद्राच्या तळावर डोंगर उभे राहिले, आणि ज्यांची डोकी पाण्याच्या वर आली त्यांना लोक बेटं म्हणतात. त्यातले जुने डोंगर या कुरडयांसारखे बसत गेले, पाण्यात बुडाले, त्यांच्या डोक्यावर पोवळ्यांनी घरं केली. ते लक्षद्वीप, ते मालदीव. अशी माळच आहे, इथून तिथपर्यंत. आणि आपण सरकता सरकता कठड्याला धडकलो.

"कठडा म्हणजे?" नानांनी विचारलं. ते धोतराचं टोक धरून माझ्या वर्गात बसले होते.

"वरची जमीन. तिला आपण धडकलो आणि या चुण्या पडल्या. हा हिमालय."

नानांनी चुण्यांकडे आदराने पाहिलं.

आईने मात्र हिमालय सोडून दिला. ती अलीकडे पाहत होती, जिथे लुगडं संपून धोतर सुरू होत होतं तिथे. "ती कुठं हाय?"

मी बोट दाखवलं. धोतरावर, तिच्या हाताच्या अलीकडेच, अजून मऊ असलेली एक कुरडई. "ती ही. तिच्या शेजारच्या बेटावर अजून आग निघते. ते तुझ्या हाताखालचं."

खरं तर धोतर म्हणजे जमिनीचा दुसरा तुकडा, आणि तो वेगळ्या दिशेला चालतो, जोडावर समुद्राचा तळ उसवतो, बरंच काही होतं. पण आमच्या गच्चीवर याहून जास्त भूगोल मावत नव्हता.

"म्हंजे ती धोतरावर, आणि आपण लुगड्यावर," आई म्हणाली.

"हो."

"पण चीक एकच."

"चीक एकच. हातही एकच."

 सोऱ्यातला चीक खरंच गार झाला होता. तिने तो पातेल्यात परत काढला, हलवला, पुन्हा भरला आणि हात फिरवायला लागली. मला वाटलं, संपलं, हेही वाया गेलं. दोन कुरडया झाल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "तिकडं बी काळाच दगड हाय?"

"काळाच."

"वाजतो?"

आता याचं उत्तर मी कुठून देणार? भूगोलाच्या पुस्तकात दगड वाजवून बघत नाहीत. "ते मला नाही माहीत," मी म्हणाले.

"मग इचारलं पाहिजे," आई म्हणाली आणि ओढ म्हणून हाताने खूण केली.

तो रविवारच होता. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा आईने मला हात लावू दिला नाही. मी जवळच उभी राहिले, पुन्हा फोन ओढून घ्यायची पाळी आली तर असावं म्हणून. बहिणीचा आवाज बारीक ऐकू येत होता, पण ऐकू येत होता.

"तुझी सासू चटणी कशावर वाटते?" आईने विचारलं. ना कशी आहेस, ना काय चाललंय.

बहीण म्हणाली, "दगडावर. पाट्यासारखाच आहे, आई. इथे सगळ्यांकडे असतो."

"कसला दगड?"

"काळा. इथलाच. सासूबाईंच्या आजीचा आहे. आणि गंमत सांगू? इथे वरवंट्याला तान्हं बाळ म्हणतात. त्यांच्या भाषेत तेच नाव आहे त्याचं."

आईने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "फोन नेता येतो का तिथवर?"

"वायर लांब आहे. नेते. का गं?"

"वाजव बरं."

आम्ही थांबलो. फोनमधून काहीतरी सरकल्याचा, भांडी बाजूला केल्याचा आवाज आला. कुणीतरी बाई काहीतरी विचारत होती. आणि मग आला तो आवाज, समुद्रावरून, तारांमधून, लहानसा होऊन. खण्ण. एकदा. पुन्हा एकदा. आई मान तिरकी करून ऐकत होती, ढिगाजवळ उभी राहून ऐकायची तशीच. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. शाळेतल्या कुठल्याही निकालाची मी अशी वाट पाहिलेली नाही.

"आपलाच हाय," आई म्हणाली. आणि तिला हसू फुटलं. ओल्या डोळ्यांनी, पण हसत होती. "अगं, आपलाच हाय तो! एका चिकाचा. आम्ही आधीचे, तुम्ही मागाहूनचे. तुला तो तिकडं न्यायची काय गरज नव्हती, तिकडं आधीच जाऊन बसला होता तो!"

पलीकडे माझी बहीण रडायला लागली. मग तिनेच सांगितलं. मला काही करावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईने फडताळातला वरवंटा बाहेर काढला. त्याच्याभोवतीचा खण सोडला, धुतला, आणि मशीनवर बसून त्याची कुंची शिवली. आयुर्वेद कॉलेजातला एक मुलगा सुट्टीला मॉरिशसला चालला होता, त्याच्याबरोबर ती पाठवली. कुंचीला कुणी तपासणीवाल्याने अडवलं नाही.

मुलगी झाली. मला तर वाटतं फोनवरूनच तिचं रडणं खणखणीत ऐकू येत होतं. बारसं तिथेच ठरलं. त्या दिवशी आम्ही सगळे मळ्यातल्या घरी फोनभोवती जमलो होतो. तिकडे त्यांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला होता. बहिणीने सांगितलं, पाळणा सजलाय, सासूबाईंचा वरवंटा आमच्या खणाची कुंची घालून पाळण्यात झोपलाय. सासूबाईंना मराठी बोलता येत नाही, देवाचं आणि पाळण्याचं तेवढं येतं.

आईने आमचा, परत आलेला वरवंटा उचलला. फोन एका स्टुलावर होता. ती स्टुलाच्या या बाजूला उभी राहिली आणि मला त्या बाजूला उभं केलं. मग रिसीव्हरकडे वाकून मोठ्याने म्हणाली, "कोणी गोविंद घ्या!" आणि वरवंटा फोनच्या वरून माझ्या हातात दिला.

मी तो धरून उभी राहिले. पुढचं मी म्हणायचं होतं. आणि तेवढ्यात फोनमधून एका म्हाताऱ्या बाईचा, आम्ही कधी न पाहिलेल्या बाईचा आवाज आला, जरा कापरा, जरा वेगळ्याच सुरात.

"कोणी गोपाळ घ्या."

मी वरवंटा स्टुलाच्या खालून आईला परत दिला. नाना डोळे पुसत होते आणि शेवंतीला औषध मारलंय त्याचा वास लागला म्हणत होते.

फोन ठेवल्यावर पेढे वाटून झाले, शेजारणी गेल्या. आई पडवीत आली. इतके दिवस भिंतीला टेकलेला धाकटीचा पाटा तिने मला आडवा करायला लावला, त्यावर दोन तांबे पाणी ओतलं, वरवंटा हातात घेतला आणि लसूण, मिरच्या आणि शेंगदाणे आणायला सांगितले.

"अगं, हा तिचा आहे," मी म्हणाले. "तुझा आत आहे ना."

आई खाली बसली, गुडघा सांभाळून, आणि पदर खोचला. "मग काय झालं? लेकीच्या घरी आईनं कधी चटणी वाटू नये का?"